बुधवारचा पाहुणा वक्ता

वक्ते आणणं हे माझं काम आहे असं सांगितलं की लोकांना वाटतं मी गंमत करतोय. गावाकडे तर हे समजावून सांगणं आणखी अवघड. एकदा कुणीतरी माझ्या आईला विचारलं, "पोरगं काय करतं हिंगोलीत?" ती म्हणाली, "मोठ्या लोकायला जेवू घालतं, अन् जेवण झालं की त्यायच्यासमोर बोलायला माणूस आणून देतं." इतकं नेमकं वर्णन मला आजवर जमलेलं नाही.

हिंगोलीत एक समाजसेवा क्लब आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे काही गोष्टी मोकळेपणाने सांगायच्या आहेत. डॉक्टर, वकील, आडते, प्राध्यापक, दुकानदार असे सभासद. दर बुधवारी दुपारी एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये ते एकत्र जेवतात, एका पाहुण्याचं भाषण ऐकतात आणि वर्षभरात रक्तदान, चष्मेवाटप, झाडं लावणं अशी कामं करतात. मी सभासद नाही. मी क्लबचा पगारी व्यवस्थापक. हॉल, जेवण, माईक आणि वक्ता या चार गोष्टी बुधवारी दुपारपर्यंत जागेवर असल्या पाहिजेत, एवढं माझं काम. पहिल्या तिन्ही पैशाने मिळतात. वक्ता तसा मिळत नाही, कारण आम्ही मानधन देत नाही. शाल, श्रीफळ आणि जेवण देतो.

पुण्या-मुंबईच्या वक्त्यांना हिंगोली नकाशावर शोधावी लागते. म्हणून मी जिल्ह्यातलीच माणसं शोधतो. मधमाश्या पाळणारा, निवृत्त पोस्टमास्तर, संत नामदेवांच्या नरसीला येणाऱ्या दिंड्यांच्या जेवणाची व्यवस्था बघणारे गृहस्थ, हळदीचा व्यापारी. वक्ता असा माणूस असावा की ज्याला आपण वक्ता आहोत हे माहीत नाही. असा माणूस आधी नाही म्हणतो, मग घाबरत येतो आणि छान बोलतो. जो लगेच हो म्हणतो आणि "किती वेळ बोलू?" असं विचारत नाही, त्याच्यापासून सावध राहावं.

सगळ्यात जुना वाद म्हणजे जेवण आधी की भाषण आधी. जेवण आधी ठेवलं तर भाषणात डोळे मिटतात. भाषण आधी ठेवलं तर सगळ्यांच्या माना आचाऱ्याच्या दिशेने वळतात. माझ्याआधी दोन अध्यक्षांची कारकीर्द या वादात गेली. मी मधला मार्ग काढला. पोळी, भाजी, वरण-भात आधी, मग भाषण, आणि जिलेबी भाषणानंतर. जिलेबी गरम तळून आणतात, तिचा वास भाषणाच्या शेवटी शेवटी हॉलमध्ये येतो. कुणी उठून जात नाही. माझ्या नोकरीतला हा एकच शोध, पण तो अजून चालू आहे.

विक्षिप्त वक्त्यांचं म्हणाल तर एक सर्पमित्र आले होते. साप आणू नका असं मी फोनवर सांगितलं होतं. त्यांनी आणला नाही, पण बोलता बोलता त्यांना शहरातल्याच रिसाला भागातून फोन आला, तिकडे गेले आणि पकडलेला साप बरणीत घेऊन भाषण पूर्ण करायला परत आले. त्या दिवशी जिलेबी उरली. दुसरे एक निवृत्त अधिकारी 'रागावर विजय' या विषयावर बोलायला उभे राहिले. माईक शिट्टी मारायला लागला. पहिल्यांदा ते हसले, दुसऱ्यांदा थांबले, तिसऱ्यांदा त्यांनी मला असं काही सुनावलं की पुढचं भाषण कुणाच्या लक्षात राहिलं नाही. जाताना मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विषय बरोबर होता, मी थोडा कमी पडलो." मला ते आवडले.

तिसरे एक गृहस्थ हृदयाच्या आरोग्यावर बोलायला आले आणि शेवटी पिशवीतून तेलाच्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. पाठोपाठ एका पाहुण्याने भाषणातच देणगी मागायला सुरुवात केली. हॉलला स्वयंपाकघरातून दुसरा जिना आहे हे बऱ्याच सभासदांना त्या दिवशी कळलं. मग कार्यकारिणीने नियम केला. पाहुण्याने काही विकायचं नाही आणि काही मागायचं नाही. हे आधीच फोनवर सांगणं माझ्याकडे आलं. नियम चांगलाच आहे. पण एका बुधवारी त्याने मला फार अडचणीत टाकलं.

ते उन्हाळ्याचे दिवस होते. परभणीहून येणारे शेतीतज्ज्ञ आदल्या दिवशी आजारी पडले. मी फोन लावायला बसलो. गोरेगावचे ओळखीचे एक शिक्षक म्हणाले, "सेनगाव-गोरेगाव रोडवरच्या तांड्यात अंगणवाडी सेविका हायत, कमल राठोड. बोलायला लागल्या की माणूस उठत न्हाई." मी फोन केला.

"मला भाषण येत न्हाई भाऊ," कमलताई म्हणाल्या.

"भाषण नकोच. तुमच्या अंगणवाडीतला एक दिवस सांगा."

"मोठे लोक येतात का तिथं?"

"येतात."

"मंग येते. मला त्यायला एक सांगायचं हाय." आणि त्यांनी जे सांगायचं होतं ते मलाच सांगून टाकलं. तांड्यावरची शाळा सातवीपर्यंत. आठवीला गोरेगावला जावं लागतं. गोरेगावची बस मोठ्या रोडने जाते आणि तांडा फाट्यापासून बराच आत. मधे नाला, दोन्ही बाजूंनी निर्मनुष्य रान. मुलं सायकलवर जातात. मुलींना घरचे पाठवत नाहीत. सातवी झाली की शाळा संपली. आत यायला डांबरी रस्ता झाला होता, आगार बस पाठवायला तयार होतं, पण तांड्याच्या तोंडाशी बस वळायला जागा नव्हती. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला मुरमाचा उंचवटा. ती जागा गावठाणाची. उंचवटा काढायला ग्रामपंचायतीची हरकत नव्हती, पण मशीन कोण देणार?

"माझी पोरगी पूजा औंदा सातवी पास झाली," त्या म्हणाल्या. "तिच्यासंगं अजून पोरी हायत. शाळा उघडायच्या आत जागा झाली तर झाली. न्हाई तर एक वर्ष घरी बसलेली पोरगी परत शाळंत जात न्हाई भाऊ. तिचं दुसरंच काही जमवतात."

आमच्या क्लबमध्ये माणिकराव गुत्तेदार आहेत. रस्त्यांची, तलावांची कामं घेतात. त्यांच्याकडे उकरायची दोन मशीन. उंचवटा म्हणजे त्यांना एका दुपारचं काम. आणि मला त्या बाईंना सांगायचं होतं की यातलं काही बोलू नका.

मी नियम सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "बरं. मागत न्हाई. पण बोलावलंय तर येते."

फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. पाहुणा मागू शकत नाही, पण सभासदाने प्रश्न विचारला तर उत्तर देऊ शकतो. मी प्रश्न विचारू शकत नाही, कारण मी सभासद नाही. माझ्या हातात होता फक्त पाहुण्याचा परिचय. तो मी लिहितो, वाचतो कुणी सभासद. त्या परिचयात मी दोन वाक्यं घातली: तांड्यातल्या मुलींचं शिक्षण बसअभावी सातवीला थांबतं, आणि बस वळायला जागा नाही. परिचयात आलेली गोष्ट मागणी होत नाही, असा माझा हिशेब.

परिचय वाचायची पाळी वकीलसाहेबांची होती. कोर्टात ते एका तारखेला तास तास बोलतात. इथे मात्र त्यांनी नाव वाचलं, हुद्दा वाचला, घड्याळ बघितलं आणि "बाकी त्या स्वतः सांगतीलच" म्हणून खाली बसले. माझी दोन वाक्यं त्यांच्या हातातल्या कागदावरच राहिली.

कमलताई उभ्या राहिल्या. माईक त्यांच्या उंचीपेक्षा वर होता. मी खाली करायला धावलो, तर म्हणाल्या, "राहू द्या, तांड्यात लेकरं बोलवायची सवय हाय." हॉल हसला. मग त्यांनी अंगणवाडी सांगितली. लेकराचं वजन करताना झोळीत घातलं की ते असं किंचाळतं की तीन घरं सोडून आजी काठी घेऊन येते. "आमच्या घरी गोरमाटी बोलतात, आमची बंजाऱ्याची बोली. लेकरू पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून माझ्याकडं असं बघतं, की ही बाई रोज आपल्या मायसंगं बोलते, आज हिला काय झालं?" आडते हसले, डॉक्टर हसले, माणिकराव तर मोठ्याने हसले. कुणाचे डोळे मिटले नाहीत. शेवटी त्या म्हणाल्या, "आमच्या तांड्यात शाळा सातवीपर्यंत हाय. एवढंच," आणि बसल्या.

बसचा शब्द नाही, मशीनचा नाही. दिलेला शब्द त्यांनी पाळला. मला तो पाळलेला नको होता.

अध्यक्ष डॉक्टर म्हणाले, "कुणाचे प्रश्न?" मी भिंतीशी उभा राहून एकेका चेहऱ्याकडे बघत होतो. कुणीतरी विचारावं, सातवीनंतर काय? जिलेबीचा वास आला. एका प्राध्यापकांनी विचारलं, "तांड्यावर आरशाचं भरतकाम अजून करतात का हो?" कमलताई म्हणाल्या, "करतात. म्हाताऱ्या करतात, नव्या पोरींना दम न्हाई." झालं. आभार, शाल, श्रीफळ, जिलेबी.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे, तिला आम्ही पोचवणी म्हणतो. पूर्वी एका वयस्कर पाहुण्यांना जेवणानंतर स्टँडवर सोडलं होतं आणि बस न आल्याने ते संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले होते. डॉक्टरांना ते फार लागलं. तेव्हापासून पाहुण्याला त्याच्या दारापर्यंत एका सभासदाने आपल्या गाडीने सोडायचं. पाळी कुणाची ते मी सांगतो. त्या दिवशी पाळी एका कापड दुकानदाराची होती. मी माणिकरावांसमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, आज पोचवणी तुमच्याकडं."

"माझ्याकडं? काहून? माझी तर परवाच झाली."

"क्रम बदललाय."

"अरे मॅनेजर, मला साईटवर जायचंय. स्टँडवर सोडतो बाईला."

"दारापर्यंत सोडायचं असतं साहेब."

त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर जिलेबी खात म्हणाले, "दारापर्यंत, माणिकराव. आपल्याकडं तशीच रीत हाय." माणिकरावांनी किल्ली उचलली. जाताना माझ्याकडे असं बघितलं की मी ताटं उचलायला आत गेलो.

माझा विचार एवढाच होता की त्यांनी तो रस्ता डोळ्यांनी बघावा. त्यापुढचं माझ्या डोक्यात नव्हतं. दिवस कलताना त्यांचा फोन आला.

"ओ मॅनेजर! कुठं पाठवलं बे मला?"

"काय झालं साहेब?"

"काय झालं? गाडी नालीत हाय माझी! नवी गाडी! वळवायला जागा न्हाई म्हणून मागं घेत होतो, मागचं चाक गेलं. तू ये आता, काढ." मागून बायका-पोरांचा गलका ऐकू येत होता आणि कुणीतरी खुदुखुदु हसत होतं. मी निघेपर्यंत दुसरा फोन आला, "राहू दे, निघाली," आणि कट झाला. मला वाटलं, नोकरी गेली.

पुढच्या बुधवारी माणिकराव आले, जेवले, माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सभेच्या सुरुवातीला सभासद आपापल्या बातम्या सांगतात, नातू झाला, दुकान काढलं वगैरे. माणिकराव उभे राहिले.

"मागच्या हप्त्यात पोचवणीला गेलतो. तांड्यात गाडी घातली. बाई उतरल्या. मी म्हणलं, बाई, इथं गाडी वळवतात कुठं? तर म्हणल्या, 'वळवत न्हाईत साहेब. म्हणून तर इथं कोणी येत न्हाई.'"

हॉल हसला. माणिकराव हसले नाहीत.

"मग मी गाडी नालीत घातली. मला त्यायनं बाजेवर बसवलं, चहा दिला. अन् गाडी काढायला पोरी आल्या. परकरातल्या, सलवारीतल्या. दम लावून काढली गाडी. मी म्हणलं, माणसं कुठं गेली? तर रानात. म्हणलं, पोरींनो, कितवीला? सातवी झाली म्हणल्या. म्हणलं, आता? तर एकमेकीकडं बघून राहिल्या."

डॉक्टरांनी विचारलं, "बाईंनी काही मागितलं का?"

"न्हाई ना! मागितलं असतं तर मी न्हाई म्हणून मोकळा झालो असतो." ते खाली बसता बसता म्हणाले, "सोमवारी मशीन पाठवलं म्या. मुरूम भरायला कुणाची टिप्पर असंल तर सांगा."

नंतर ताटं उचलताना डॉक्टर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "पोचवणीचा क्रम बदलला होता म्हणे?" मी हो म्हणालो. त्यांनी आणखी एक जिलेबी ताटात वाढून घेतली आणि दुसरं काही विचारलं नाही.

उंचवटा निघाला, मुरूम पसरून दाबला. आगाराचे लोक येऊन बघून गेले. सरकारी काम, शाळा उघडून थोडे दिवस झाल्यावर बस सुरू झाली. ही गोष्ट मी इथेच संपवली असती तर दिवाळी अंकाला शोभली असती. पण पहिल्या दिवशी मी कमलताईंना फोन केला, "पूजा गेली का?"

"गेली. खिडकीजवळ बसली. अजून दोघी गेल्या." मग म्हणाल्या, "बाकीच्या चढल्या न्हाईत भाऊ. बस दारात उभी राहिली, तरी न्हाई. एवढे दिवस घरी बसल्या, कामाला लागल्या. त्यातल्या सुमनचा बाप तर म्हणतो, बस आली म्हणून काय झालं, आमी कुठं बोलावली होती? मी दोनदा बोलले. माझं रोजचंच बोलणं, आता ऐकत न्हाईत."

"मी येऊ का?" मी विचारलं आणि विचारल्यावर घाबरलो.

"या की. तुमी तर एवढे वक्ते आणता."

रविवारी गेलो. कमलताई मला सुमनच्या घरी घेऊन गेल्या. सुमनचा बाप दारासमोर बैलांना वैरण टाकत होता. बाजेवर बसा म्हणाला, स्वतः उभाच राहिला. आतून सुमनची आजी दाराशी येऊन बसली. सुमन दिसली नाही, पण पडद्यामागे कुणीतरी होतं. इतक्या वर्षांत मी इतरांना सांगत आलो होतो, थोडक्यात बोला, गोष्ट सांगा, समोरच्याकडे बघा. मला त्यातलं काहीच आठवेना. मी शासनाच्या योजनांपासून सुरुवात केली आणि बापाने वैरण टाकणं परत सुरू केलं. कमलताईंनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखतो. कंटाळवाण्या वक्त्यांकडे मी भिंतीशी उभा राहून तशीच बघतो.

मग मी थांबलो आणि म्हणालो, "माझ्या घरात माझ्याआधी कुणी शिकलं न्हाई. माझा बाप सही पण करत नव्हता. मला दहावीनंतर रानात घालणार होता. आमच्या शाळेचे मास्तर असेच एक दिवस येऊन आमच्या ओट्यावर बसले. बाप त्यायच्याशी बोलला न्हाई. मास्तर दुसऱ्या दिवशी परत आले. बाप म्हणाला, रोज रोज येऊ नका, पाठवतो. मास्तरांची कटकट गेली म्हणून त्यानं मला पाठवलं, शिकावं म्हणून न्हाई. पण मी शिकलो."

सुमनच्या बापाने हातातली वैरण ठेवली. "तुमी पण उद्या येता का मंग?"

"उद्या नोकरी हाय. पण येईन."

"न्हाई न्हाई, येऊ नका," तो घाईने म्हणाला, आणि दाराशी बसलेली म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "बघू," तो म्हणाला.

फाट्यापर्यंत सोडायला आलेल्या कमलताईंना मी म्हणालो, "बघू म्हणजे काय समजायचं?"

"बघू म्हणजे व्हय. न्हाई म्हणायचं असतं तर तुमाला जेवायला थांबवून घेतलं असतं अन् गोड बोलून काढून दिलं असतं."

सोमवारी मी ऑफिसात हॉलवाल्याशी पंख्यावरून भांडत होतो, तेव्हा फोन वाजला. पलीकडे इंजिनची घरघर होती आणि कंडक्टर ओरडत होता, "ए पोरी, दप्तर आत घे, दार लावू दे!" कमलताई मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ, चढली." मी "कोण, सुमन का?" म्हणेपर्यंत घरघर वाढली, बस वळायला लागली होती, आणि त्यांना माझं काही ऐकू गेलं नसावं, कारण त्या पुन्हा तेच ओरडल्या, "चढली, चढली!"